पिकअपच्या हौद्यावरचं घरी केलेलं छप्पर दर पावसाळ्यात गळतंय? ताडपत्री बदलायच्या आधी हे बघा

आमची बोलेरो पिकअप आहे. ओतूरहून कांदा, कोथिंबीर भरायची, माळशेज उतरायचा, मुरबाडवरून कल्याण मार्केट गाठायचं, हे आमचं वर्षभराचं काम. आता माळशेजचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको, समोरचं काही दिसत नाही आणि पाणी वरून येतंय का बाजूने तेच कळत नाही. हौद्यावर छप्पर आम्ही घरीच केलं, पाईप आणून, वेल्डिंग मशीन भाड्याने आणून, आणि सलग तीन पावसाळे ते गळलं. तीन वर्षांत तीन ताडपत्र्या बदलल्या. दरवेळी वाटायचं की ताडपत्रीच हलकी निघाली, अजून जाड घेऊ. ९० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) काढून १२० ची टाकली, मग २०० ची टाकली, आणि पाणी तिथंच, त्याच कोपऱ्यात, कॅबिनच्या मागच्या डाव्या अंगाला.

हाच त्रास अजून खूप जणांना आहे, मार्केटला गाड्या लागतात तेव्हा दिसतंच, निम्म्या गाड्यांच्या पुढच्या गोणी ओल्या असतात. कोथिंबीर एकदा भिजून बंद हौद्यात राहिली की आतून तापते, सकाळपर्यंत पिवळी पडते आणि जुडीचा भाव पार खाली येतो. म्हणून जे आम्हाला कळलं ते सगळं सविस्तर लिहितोय.

आमचे अण्णा आता सत्तरीचे आहेत, जुन्या घराची शाकारणी त्यांनी आयुष्यभर केली. तिसऱ्या वर्षी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "अरे याला आढं कुठंय? वासे कुठंयत? पाख नाही, वळचण नाही, नुसतं पांघरूण टाकलंय तुम्ही." आढं म्हणजे छपराच्या माथ्याचं लांब लाकूड, वासे म्हणजे त्यावरून खाली उतरणारी लाकडं, पाख म्हणजे छपराची उतरती बाजू आणि वळचण म्हणजे भिंतीबाहेर आलेली तिची कड. त्या एका वाक्यावर आमचं सगळं काम फिरलं. घराच्या छपराला जे लागतं तेच हौद्याच्या छपराला लागतं, फक्त हे घर ताशी साठच्या वेगाने पळतं आणि घाटात कधी पुढं झुकतं कधी मागं, एवढाच फरक.

आधी गळतंय कुठून ते शोधा. जिथं थेंब पडतो तिथं भोक नसतं, हे पक्कं लक्षात ठेवा, पाणी पाईपाच्या पोटाला धरून दोन दोन तीन तीन फूट चालत जातं आणि जिथं वेल्डिंगचा टाका खाली आलेला असतो तिथं सुटतं. आम्ही हे असं पकडलं. रात्री अंगणात गाडी उभी केली, हौदा रिकामा करून त्यात जुने पेपर अंथरले, धाकटा भाऊ बॅटरी घेऊन आत बसला आणि मी बाहेरून नळी धरली. नळी एकदम वरून मारायची नाही, खालून सुरुवात करायची, आधी फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूच्या, कडेला पाच मिनिटं, मग एकेक वीत वर. वरून मारलं की सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. भाऊ आतून ओरडला, "थांब, थांब, आलं!" मी आत डोकं घालून बघितलं तर पहिल्या कमानीच्या पाईपावर खालच्या बाजूला एक थेंब लोंबत होता, तो सरकला, दुसऱ्याला मिळाला, दोघं मिळून वळणावरनं खाली घसरत आले आणि जिथं आम्ही टाका मारून ग्राइंडर न फिरवता सोडला होता त्या गाठीवर अडकून टपकन पेपरवर पडले. पेपरवरचा डाग त्या गाठीच्या बरोबर खाली होता, आणि पाणी मात्र आत शिरलं होतं अडीच फूट लांब, ताडपत्री आणि पुढच्या पत्र्याच्या मधून. म्हणजे तीन वर्षं आम्ही त्या गाठीच्या वरचीच ताडपत्री तपासत होतो!

ताडपत्रीलाच बारीक भोकं आहेत का हे बघायचं तर त्याला पाणीसुद्धा लागत नाही. भर दुपारी आत बसा, मागचा पडदा लावून घ्या आणि वर बघा, चांदण्या दिसल्या की तिथं भोक. खडूने खूण करून ठेवा.

आता मूळ कारणं. पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणजे झोळ. आपला हौदा साधारण ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असतो, मॉडेलप्रमाणे थोडं कमीजास्त, स्वतः टेपने मोजून घ्या. आम्ही पहिल्यांदा तीनच कमानी घातल्या होत्या, पुढं, मध्ये, मागं, म्हणजे दोन कमानींत साडेचार फूट मोकळं आणि वरचा भाग जवळजवळ सपाट. नवीन ताडपत्री पहिले आठ दिवस ढोलासारखी ताठ असते, मग उन्हाने आणि ओढीने सैल पडते, जरा खळगा झाला की त्यात पाणी थांबतं, पाण्याच्या वजनाने खळगा वाढतो आणि मोठ्या खळग्यात अजून पाणी. हिशोब बघा, ३ फूट बाय २ फुटाचा झोळ आणि त्यात सरासरी ३ इंच पाणी, म्हणजे दीड घनफूट, म्हणजे ४२ लिटर, म्हणजे ४२ किलो. एवढं ओझं एका ठिकाणी लटकतंय आणि गाडी खड्ड्यात आपटतीय. कितीही जाड घ्या, ती ताणली जाणारच, शिलाई उसवणारच.

दुसरं कारण आम्हाला खूप उशिरा कळलं. ओतूरकडून कल्याणकडे जाताना आपण घाट उतरतो, गाडीचं तोंड खाली. त्यात सतत ब्रेक. मग वरचं सगळं पाणी पुढं धावतं आणि कॅबिनच्या मागं येऊन साठतं. अंगणात गाडी सपाट उभी असते म्हणून नुसत्या पावसात तिथं कधीच गळायचं नाही आणि आम्ही म्हणायचो घरी तर काही होत नाही! म्हणून टेस्ट करताना मागच्या चाकांखाली फळ्या घालून गाडी पुढं झुकवा, पुढच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, मग पाणी मारा. उलटी, चढाची टेस्ट पण करा, तुमच्या रस्त्याला जो उतार आहे तो धरून.

आता आम्ही काय बदललं ते सांगतो.

कमानी तीनच्या पाच केल्या, म्हणजे दोन कमानींत सव्वादोन फूट अंतर राहिलं. आणि मधोमध पुढपासून मागपर्यंत एक सलग पाईप टाकला, हे आढं. दोन्ही पाखांवर एकेक आडवा पाईप अजून. आढं बाजूच्या कडेपेक्षा ९ इंच उंच घेतलं, हा आकडा महत्त्वाचा आहे कारण आधी आमची उंची जेमतेम दोन अडीच इंच होती आणि तेवढ्यावर पाणी उतरत नाही, ताडपत्री जरा सैल पडली की उतारच संपतो. निम्मी रुंदी साधारण ३३ इंच, त्यावर ९ इंच चढ, हा उतार सैल पडल्यावरसुद्धा शिल्लक राहतो. पुढची कमान बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच ठेवली म्हणजे सपाट रस्त्यावर पाणी मागं आणि बाजूला जातं. घाट उतरताना मात्र ते पुढं येणारच, त्याला आपण अडवू शकत नाही, त्याला वाट करून द्यायची. ताडपत्री पुढच्या कमानीवरून खाली फूटभर उतरवली, पुढच्या पत्र्याच्या बाहेरून, आणि कॅबिन आणि हौदा यांच्यातली फट मोकळी ठेवली. आता पाणी पुढं आलं की त्या फटीतून सरळ रस्त्यावर पडतं. आधी आम्ही त्याच फटीत गोणपाट कोंबून ठेवायचो, पाणी येऊ नये म्हणून, आणि तेच पाणी पिऊन आत सोडत होतं.

पाईप एक इंची गोल, १६ गेज घेतला. चौकोनी पाईप सरळ कामाला बरा पण त्याच्या धारेवर ताडपत्री घासून चिरते. गोल पाईप वाकवताना चेपतो, त्याला उपाय म्हणजे आत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडाचे गुल्ले मारायचे आणि मग सावकाश वाकवायचा. वाळू ओली असेल आणि पाईप तापवणार असाल तर आत वाफ धरून गुल्ला उडतो, तेव्हा वाळू उन्हात चांगली वाळवून घ्या. काही जण लाईट फिटिंगचा प्लॅस्टिक पाईप वाकवून कमानी करतात, हलकं पडतं, स्वस्त पडतं, पण दोन उन्हाळे गेले की तो ठिसूळ होतो आणि ताण आला की मोडतो. मला विचाराल तर करू नका.

वेल्डिंगबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगतो. गाडीवर कुठंही वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, आताच्या गाड्यांत ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असतो, तो उडाला तर छपराच्या कितीतरी पट खर्च. आणि पॉलिहाऊसचा जुना जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी, पाईप वापरत असाल, आपल्या जुन्नर भागात तो सहज मिळतो, तर सांध्याच्या जागेवरचं जस्त आधी ग्राइंडरने साफ घासून काढा, तोंडाला मास्क लावा आणि उघड्यावर काम करा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, माझ्या भावाला भरला होता, आम्ही दोन तास शेडमध्ये दार लावून काम केलं होतं. ती चूक कुणी करू नये.

सगळे टाके ग्राइंडरने गुळगुळीत करा, वर रेड ऑक्साईड, मग पेंट. कमानीच्या पायाला एकदम खाली ६ एमएमचं भोक पाडा. पाईपात पाणी शिरतंच, ओल धरते, आणि बाहेर जायला वाट नसली की आतून गंजत जातं, वरून पेंट चकचकीत आणि एक दिवस पाय मोडून हातात. आमचे पहिले दोन पाय असेच गेले.

ढाचा हौद्याला वेल्ड करू नका, क्लॅम्प आणि नट-बोल्टने बसवा. खोलून काढता आला पाहिजे, उन्हाळ्यात मोकळा हौदा लागतोच की. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलंय त्यात फरक पडेल असा कायमचा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, कायमची बॉडी बांधायची असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या. आमचा ढाचा साधारण ३० किलोचा झाला, तेवढा माल कमी भरायचा हे धरून चला. आणि मागची नंबर प्लेट, टेल लाईट झाकली जाणार नाही एवढं बघा, पावसात मागच्याला आपली लाईटच दिसली नाही तर माळशेजमध्ये काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता वळचण. आम्ही ताडपत्री फाळक्याच्या आतून खोचायचो, वाऱ्याने उडू नये म्हणून. म्हणजे पाखावरून आलेलं सगळं पाणी स्वतःच्या हाताने हौद्यात सोडत होतो. कौलं कशी असतात, वरचं कौल खालच्या कौलावर बाहेरून बसतं, तसंच इथं, वरचा थर नेहमी बाहेरून. ताडपत्री फाळक्याच्या वरच्या कडेखाली निदान सहा इंच उतरली पाहिजे, बाहेरच्या अंगाने, म्हणजे पागोळ्या बाहेर पडतात. हे एवढं एकच केलं तरी बऱ्याच गाड्यांची निम्मी गळती थांबेल, यात खर्च काही नाही.

मग उडते त्याचं काय? उडते कारण बांधणं चुकतं. वेग दीडपट झाला की वाऱ्याचा जोर सव्वादोन पट होतो, म्हणजे साठवर शांत असलेली ताडपत्री नव्वदवर फडफडणारच. आणि वारा ताडपत्री खाली दाबत नाही, तो वरून जाताना तिला वर ओढतो, म्हणून पळताना ती फुग्यासारखी होते, आणि त्या फडफडीने रिंगा फाटतात. बाजारच्या ताडपत्रीला रिंगा तीन तीन फुटांवर असतात, त्या पुरत नाहीत, फूटफूट अंतरावर मारून घ्या आणि काठ दुमडून आत दोरी घालून शिवून घ्या म्हणजे ताण सगळ्या काठावर वाटला जातो. आणि दोरीचं बघा, नायलॉनची दोरी भिजली की लांबते, अंगणात खेचून बांधलेली असते आणि घाटाआधीचं मढ गाव गाठेपर्यंत सैल. सुतळी उलट, भिजली की आकसते आणि रिंग फाडते. आम्ही आता रॅचेटचे पट्टे वापरतो, वरून आडवे दोन, एक पुढून दुसऱ्या कमानीवर आणि एक मागून दुसऱ्या, आणि काठाच्या रिंगांना दोरीच आहे, पण दोरी आणि रिंगेच्या मध्ये मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद गोल पट्टी कापून घातलीय. ती रबराची पट्टी सैल पडलेलं आपोआप ओढून धरते, धक्का पण खाते. पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते, बांधणीत याच्याइतका उपयोगी दुसरा कुठलाच बदल नाही.

वाटेत रिंग फाटलीच तर गुळगुळीत खडा घ्या, लिंबाएवढा, ताडपत्रीच्या काठात आतून गुंडाळा आणि बाहेरून खड्याच्या मागं दोरीचा फास आवळा, घरी येईपर्यंत सुटत नाही.

घासण्याच्या जागा हा वेगळा विषय आहे. अँगलच्या आणि पत्र्याच्या धारेवर ठिबकची जुनी १६ एमएमची नळी उभी चिरून बसवा, कमानींना ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा. भोकं बहुतेक इथंच पडतात.

ठिगळाचं सांगतो, कारण इथं सगळे फसतात. आपली निळी पिवळी ताडपत्री म्हणजे एचडीपीई, एक प्रकारचं प्लॅस्टिक, तिला कुठलाच साधा गम धरत नाही, पंक्चरचं सोल्यूशन लावा नाहीतर आणखी काही, दोन दिवसांत पापुद्रा निघतो. तिला ठिगळ मोठं घेऊन शिवायचं किंवा ताडपत्रीची चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावायची, आधी जागा पुसून कोरडी करून. पीव्हीसी कोटेड कापड मात्र गमने किंवा गरम हवेने मस्त जुळतं, म्हणून आम्ही चौथ्या वर्षी ६५० जीएसएमचं पीव्हीसी कापड घेतलं. पण ढाचा आधी सुधारला, कापड नंतर घेतलं, उलटं केलं असतं तर चौथी पण वाया गेली असती. शिलाईला पॉलिस्टरचा दोरा सांगा, सुती दोरा ओलीने कुजतो. आणि जोड आढ्यावर येऊ देऊ नका, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं, जोड पाखावर घ्या आणि वरची बाजू खालच्यावर चढवून.

एवढं सगळं केल्यावर एका रात्री परत गोणी ओल्या. मन खट्टू झालं अगदी. पण त्या रात्री पाऊसच नव्हता! नीट बघितलं तर ताडपत्रीला आतून सगळीकडे सारखे बारीक थेंब, दव पडल्यासारखे. कोथिंबीर काय, कांदा काय, तोडल्यावर पण श्वास घेत असतात, आत ऊब आणि ओल धरते, बाहेर घाटातली गार हवा, मग गार कापडाला आतून पाणी सुटतं. ही गळती नाहीच, हे कोंडलेलं आहे. ओळखायचं असं, गळतीचा थेंब एका ठिकाणी किंवा एका रेषेत असतो, हे सगळीकडे सारखं असतं. आम्ही आढ्याच्या खाली मागच्या बाजूला चार इंचाची फट ठेवली, तिच्यावर बाहेरून झडप, पुढं पण तशीच छोटी, म्हणजे हवा खेळते. मालावर प्लॅस्टिक न टाकता कोरडं गोणपाट टाकतो, वरून पडलेला थेंब ते धरून ठेवतं. कांदा असेल आणि पाऊस नसेल तर दोन्ही बाजू सरळ गुंडाळून वर बांधतो.

मागच्या पडद्याचं अजून थोडं काम आहे. गाडी पळते तेव्हा मागं हवा ओढून घेते आणि चाकांनी उडालेलं पाणी, धूळ सगळं मागूनच आत येतं, पुढून नाही. पडदा दोन भागांत केलाय, एकमेकांवर फूटभर चढवलेला, खाली फाळक्याच्या बाहेरून बांधलेला. तरी उजवा खालचा कोपरा मुरबाडच्या अलीकडचं सरळगाव ओलांडल्यावर रस्त्याचं पाणी उडालं की ओला होतोच, कारण तिथं फाळक्याच्या बिजागरीमुळे पडदा चिकटून बसत नाही. सध्या त्या कोपऱ्यात मी कांद्याची गोणी न ठेवता रिकामे क्रेट ठेवतोय. बिजागरीवर बसेल अशी रबराची टोपी ट्यूबमधूनच कापून बघणार आहे, कुणी हे आधी केलं असेल तर ती रबर कशाला अडकवली तेवढं सांगा, कारण तिथं भोक पाडून बोल्ट मारायचा नाही असं अण्णांचं पक्कं म्हणणं आहे आणि मलाही ते पटतंय.